घरचीच तक्रार

बायको मुलींचं हॉस्टेल चालवते हे रेणुकादास कंधारकर आपणहून कुणाला सांगत नसत. कुणी खोदून विचारलंच तर "मिसेसचं काहीतरी चालू असतं" एवढं म्हणून विषय बदलत. लातुरात लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. औसा रोडपासून नांदेड रोडपर्यंत ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या, त्याने डॉक्टर व्हायला आलेली पोरं नाहीतर पोरी ठेवलेल्या. पण कंधारकर सर भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. बायको लोकांच्या लेकींना पोळ्या लाटून घालते म्हणून आपली चूल पेटते, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली कधी नीट उतरली नाही.

चूल मात्र त्यावरच पेटत होती. सर मूळचे कंधारचे. नांदेडला बीएस्सी, बीएड करून लातुरात एका विनाअनुदानित शाळेत लागले. अनुदान आज येईल, उद्या येईल, यात सगळी उमेद गेली. आलं तेव्हा वीस टक्के आलं, आणि ते पुरतं वाढायच्या आत सर रिटायर झाले. पेन्शन नाही. मधल्या वर्षांत कुसुमताईंनी पुढच्या खोलीत उदगीरकडच्या नात्यातल्या दोन मुली ठेवल्या, मग चार, मग मागच्या गल्लीतली दुमजली इमारतच भाड्याने घेतली आणि ‘सावली गर्ल्स हॉस्टेल’ अशी पाटी लावली. भाजी, गॅस, टँकरवाला, स्वयंपाकाच्या बाया, पालकांचे फोन, सगळं त्या एकट्या बघत. हॉस्टेलात पुरुषमाणूस फिरकायचा नाही हा नियम त्यांचाच, आणि तो त्यांनी नवऱ्यालाही लावला होता. सरांना ते सोयीचंच पडलं. सावलीतल्या मुलींनी काकूंचे मिस्टर कधी नीट पाहिलेही नव्हते.

रिटायर झाल्यावर सरांना घरात करमेना. त्याच सुमारास नांदेडच्या एका संस्थेने लातुरात विद्यार्थी सल्ला केंद्र उघडलं. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक कपाट. क्लासने फी परत दिली नाही, हॉस्टेलने मूळ कागद अडवून ठेवले, कॉलेजने परीक्षेला बसू दिलं नाही, असलं काहीबाही घेऊन पोरं यायची. कुठे अर्ज करायचा, कुणाला भेटायचं, काय बोलायचं, हे तिथे फुकट सांगत. एका टेबलावर महादेवप्पा, तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. दुसऱ्यावर कंधारकर सर.

संस्था चालवायच्या ॲडव्होकेट पंचशीला सोनसळे. त्यांनी दोघांनाही आधी नांदेडला बोलावून शिकवलं होतं. आवाज न चढवता बोलायच्या, पण समोरच्याला खुर्चीत सरळ बसायला लावायच्या.

"सल्ला देणारा एकाच बाजूचा असतो," त्या म्हणाल्या होत्या. "आलेल्या विद्यार्थ्याच्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो तुमच्या नात्यातला, व्यवहारातला निघाला, तर त्याच वाक्याला थांबायचं. विद्यार्थ्याला तोंडावर सांगायचं आणि केस दुसऱ्याकडे द्यायची. मी निष्पक्ष राहीन वगैरे मनात धरून बसायचं नाही." मग एकेकाला विचारलं, "घरात कुणाचा क्लास, मेस, हॉस्टेल?"

महादेवप्पा नाही म्हणाले. सर म्हणाले, "नाही, तसं काही नाही." इमारतीचा करार बायकोच्या नावावर, पाटी तिची, पावत्या तिच्या. मग ते आपलं कसं, असं त्यांनी मनाशी जुळवून घेतलं होतं.

दीड वर्ष बरं गेलं. पोरांशी सर जीव लावून बोलत, त्यांच्यासाठी क्लासवाल्यांशी भांडत. मग एका मंगळवारी दुपारी, महादेवप्पा जेवायला गेलेले असताना, एक मुलगी जिना चढून आली. धम्मप्रिया नाव. इस्लापूरची. वडील केरबा, वनखात्यात वॉचर. ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली.

"इथं सांगितलेलं बाहेर जात न्हाई ना?"

"नाही जात. बस आधी."

ती बसली आणि सांगायला लागली. ती राहायची त्या हॉस्टेलात संध्याकाळी सगळ्यांचे फोन काकूंकडे जमा व्हायचे. काकू ते उघडून बघायच्या, पासवर्ड त्यांना द्यावाच लागायचा. धम्मप्रियाच्या फोनवर आदर्शचे मेसेज होते. आदर्श तिच्याच गावचा, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. तिला न सुटलेली गणितं तो सोडवून फोटो पाठवायचा. मधेमधे ‘जेवलीस का’ होतं. एक लाल बदाम होता. काकूंनी त्या सगळ्याचे फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिचं नाव वर लिहिलं नव्हतं, पण एका फोटोत आदर्शने तिला नावाने हाक मारलेली तशीच राहिली. खाली लिहिलं होतं : ‘पालकांनी लक्ष द्यावे. अशा मुलींमुळे चांगल्या घरच्या मुली बिघडतात.’

"माझा बाप बी त्याच ग्रुपात हाय, सर. सगळ्या बापांच्या संगट वाचलं त्यानं. मला फोन केला. म्हणला, रविवारी येतो, सामान बांधून ठेव, बास झाली डाक्टरकी."

"आणि तो आदर्श?"

"मित्र हाय. मित्राच्या वर असला तरी ते मी न् तो बघू. काकूला काय?" तिने खुर्ची पुढे ओढली. मग सावरून म्हणाली, "मला क्लास सोडायचा न्हाई. बापाला कुणी तरी मोठ्या माणसानं सांगावं. आन् ते ग्रुपवरचं काढायला लावा. नुसतं काढून न्हाई, तिथंच चुकलं म्हणायला लावा."

सर तापले होते. परक्याचा फोन उघडायचा, वर चव्हाट्यावर मांडायचा, हा कुठला कारभार! "कोण ही बाई? कुठलं हॉस्टेल?" त्यांनी पेन उचललं.

"सावली. कुसुमकाकू."

पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. खालून झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. सरांच्या डोक्यात सगळ्यात आधी आलं ते असं, की हे तर सोपं आहे. आत्ता घरी जायचं, कुसुमला सांगायचं, ती कुरकुरेल आणि मेसेज काढेल. या पोरीला काही कळायची गरज नाही, नांदेडलाही नाही. विचार मनात आला तसा तो किती गुळगुळीत आहे हेही त्यांना जाणवलं, आणि त्याचीच भीती वाटली.

"थांब," ते म्हणाले. "यापुढे मला काही सांगू नको. कुसुमकाकू माझी बायको आहे."

मुलीने आधी दाराकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मंग मघाधरनं ऐकून का राहिलात?"

"मला आत्ता कळलं, तू नाव घेतलंस तेव्हा."

"तुमच्या घरचं हॉस्टेल. तिथं पोरींचे फोन घेतेत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तुमालाच न्हाई?"

फोन जमा होतात हे त्यांना माहीत होतं. त्या पलीकडचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मी तुझं काम करू शकत नाही," ते म्हणाले. "नांदेडच्या पंचशीला मॅडम करतील. माझ्यापेक्षा चांगलं करतील. आणि तू इथे आलीस हे मी घरी सांगणार नाही."

"कशावरून?"

"कशावरून ते मला दाखवता येणार नाही."

"मंग झालं की!" ती ताडकन उठली. "घातलं मीच माझं नरडं तुमच्या हातात."

सरांनी केंद्राच्या फोनवरून पंचशीलाबाईंचा नंबर लावला, फोन तिच्यापुढे ठेवला आणि आपण जिन्यात जाऊन उभे राहिले. आतलं ऐकू येऊ नये म्हणून अर्धा जिना खाली उतरले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. अंग चोरून त्यांच्या शेजारून गेली आणि खालच्या पायरीवरून, मागे न बघता, म्हणाली, "मॅडमनी फोन करायला लावलाय तुमाला."

पंचशीलाबाईंनी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"सर, मी तुम्हाला नांदेडला काय विचारलं होतं?"

"घरात कुणाचं हॉस्टेल..."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही, असं."

"आज थांबलात ते बरं केलंत. पण पोरगी सगळं बोलून मोकळी झाल्यावर थांबलात. तेव्हाच खरं सांगितलं असतंत, तर सावलीतल्या मुली तुमच्या टेबलाशी आल्याच नसत्या. दारात विचारून महादेवप्पांकडे पाठवल्या असत्या."

"मॅडम, मी कुसुमशी बोलतो. एका वाक्याचं काम आहे. ती काढून टाकेल."

"नाही. तुम्ही बोललात की तुमच्या बायकोला कळलं, पोरगी केंद्रात आली होती. रविवारपर्यंत पोरगी त्याच बाईच्या छपराखाली आहे. आणि मेसेज गुपचूप गेला तर चूक कबूल कुणी केली? तुमच्या घरातलं भांडण वाचलं, पोरीच्या हातात काय पडलं? चावी महादेवप्पांकडे द्या. हे मिटेपर्यंत केंद्रात यायचं नाही. पोरीशी बोलायचं नाही, बायकोशी यावर बोलायचं नाही, आणि कुणाचं भलं करायला तर अजिबात जायचं नाही."

महादेवप्पा जेवून आले तर सरांनी कपाटाची चावी त्यांच्यापुढे धरली. "काय झालं?" ते म्हणाले. "मॅडमना विचारा," सर म्हणाले. महादेवप्पांनी चावी खिशात टाकली, कपाट उघडून आत सगळं जागेवर आहे का बघितलं आणि मग पाठ वळवून बसले.

सर घरी बसले. दुसऱ्या दिवशी कुसुमताईंनी विचारलं, "अहो, आज केंद्र नाही का?"

"नाही."

"बरंच झालं. गॅसवाल्याला फोन लावा, दोन टाक्या कमी टाकून गेलाय मेला."

दुपारी जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला. त्यांना कुणाशी तरी बोलायचंच होतं. "त्या इस्लापूरच्या पोरीचं सांगितलं का मी तुम्हाला? फोनवर हे एवढाले मेसेज. मी टाकले ग्रुपवर. नाव घेतलं नाही हां कुणाचं. मागं त्या निलंग्याच्या पोरीनं मला काय दिवस दाखवले आठवतंय ना?"

सरांना आठवत होतं. निलंग्याची एक मुलगी परीक्षेच्या तोंडावर कुणाबरोबर तरी निघून गेली होती. तिचे आईबाप, काका, मामा येऊन सावलीच्या पायऱ्यांवर बसले. काकाने वरणाचं पातेलं उचलून अंगणात फेकलं. ‘आमची लेक तू विकलीस’ असं सगळ्या गल्लीदेखत कुसुमताईंना ऐकवलं. पोलिसांनी पुन्हा पुन्हा बोलावून बसवून ठेवलं. त्या दिवसांत सर शाळेच्या तपासणीत होते. कुसुमताई एकट्याच गेल्या, एकट्याच आल्या. फोन जमा करायला लागल्या त्या तेव्हापासून.

"अहो, मी काय विचारते? बरोबर केलं की नाही?"

एरवी सर म्हणाले असते की पालकांना सांग, ग्रुपवर कशाला टाकतेस. नवरा म्हणून एवढं बोलायला कुणाची हरकत नव्हती. पण आता काहीही बोललं तरी त्यात मुलीचे शब्द मिसळलेले असणार, कुसुमचे कान तिखट, तिला वास लागणार. त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं.

"म्हणजे पटलंय तुम्हाला," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. सरांनी ती कशीबशी संपवली आणि हात धुवायला उठले.

पंचशीलाबाईंनी तोवर केरबाला फोन करून रविवारी आधी नांदेडला आपल्या ऑफिसात उतरायला लावलं होतं. तिथे त्याच्यापुढे मुलीचे सगळे मेसेज ठेवले, ग्रुपवर आले तेवढेच नाहीत, आधीचेही. पानंच्या पानं गणितं होती. केरबा बराच वेळ ती वर-खाली करत राहिला. मग तो आणि त्या मिळून लातूरला आले. आधी मुलीचं बांधून ठेवलेलं सामान महादेवप्पांच्या मदतीने हॉस्टेलच्या दारातून उचललं, तिला केंद्रात बसवलं आणि मगच कंधारकरांच्या दारात आले. कुसुमताई पालकांना भेटायच्या त्या घरच्याच पुढच्या खोलीत.

दार सरांनी उघडलं. पंचशीलाबाईंच्या मागे खाकी पँटीतला एक किडकिडीत माणूस उभा होता.

"सर, तुम्ही या बोलण्यात नाही," पंचशीलाबाई म्हणाल्या. "बाहेर बसा."

आपल्याच घराच्या दारातून सर बाहेर आले आणि चपलांच्या शेजारी पायरीवर बसले. दार उघडंच होतं.

केरबाला कुसुमताईंनी ओळखलं नाही; त्यांना आधी वाटलं नवीन ॲडमिशन आहे. त्यांनी पाणी आणलं. पंचशीलाबाईंनी ओळख सांगितली, कशासाठी आलोत ते सांगितलं. पाण्याचा पेला टेबलावर आपटल्याचा आवाज बाहेर आला.

"माफी? मी मागायची? मी काय चोरी केली? तुमच्या पोरी मी स्वतःच्या लेकीसारख्या सांभाळते. काही झालं तर पोलिसात मी जाते, तुम्ही जात नाही!"

"दुसऱ्याचा फोन उघडून त्यातलं चारचौघांत मांडणं हा गुन्हा ठरू शकतो, कुसुमताई. तो रस्ता आम्हाला धरायचा नाही. मेसेज काढा. त्याच ग्रुपवर लिहा, की मुलीचे खासगी मेसेज टाकले ही माझी चूक. आणि फोन उघडणं आजपासून बंद."

"आणि उद्या एखादी पळाली तर तुम्ही येणार का निस्तरायला?"

इतका वेळ केरबा बोलला नव्हता. आता म्हणाला, "बाई, येक इचारू का?"

"बोला."

"तुमी लिवलं, अशा मुली. अशा म्हंजे कशा?"

"म्हणजे... मुलांशी बोलणाऱ्या."

"त्या ग्रुपात धा पोरी पोरांशी बोलत असतील. त्येंचं न्हाई टाकलं. माझ्या लेकीचं टाकलं. आन् खाली लिवलं, चांगल्या घरच्या पोरी बिघडतेत. मंग माझं घर कोणतं? सांगा की. माझ्या लेकीला डाक्टर करायला मी जंगलात कंबर मोडून राहिलो, ते घर चांगलं न्हाई का? अशा म्हंजे कशा, बाई?"

"मी तसं काही मनात धरून लिहिलं नाही."

"तुमच्या मनाचं मला काय ठाऊक? मी कागद वाचला. म्या बी पोरीवर हात उगारणार होतो. तुमच्या त्या येका ओळीपायी. लई वंगाळ वाटलं होतं मला, की माझ्या लेकीनं मान खाली घालायला लावली. आता कळून राहिलं, कुणी घालायला लावली."

मग कुसुमताई तरातरा दारात आल्या.

"अहो, ऐकताय ना? सांगा यांना. मी असली बाई आहे का? बोला!"

सर उठून उभे राहिले. "मी यात बोलू शकत नाही, कुसुम."

"का? तोंड शिवलंय?"

"सर केंद्राचे आहेत," आतून पंचशीलाबाई म्हणाल्या. "आणि तुमचे यजमान आहेत. म्हणून बोलणार नाहीत."

कुसुमताईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना सगळं उमगलं. आवाज एकदम खाली आला.

"ती पोरगी तुमच्याकडे आली होती."

सर परत पायरीवर बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं. मी ताटात वाढत होते, तोंडाने सगळं सांगत होते, आणि तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या हातचं जेवत होतात तुम्ही. तिकडे माझ्यावर केस आणि इकडे माझीच भाजी!"

केरबाही बाहेर आला होता. त्याने चपला पायात सरकवता सरकवता सरांकडे बघितलं. "तुमी मास्तर ना? इथं बी मुके, तिथं बी मुके. कोणाच्या कामाचे हो तुमी?"

मेसेज त्याच दुपारी निघाला. संध्याकाळी ग्रुपवर दोन ओळी आल्या : ‘एका मुलीचे खासगी मेसेज मी ग्रुपवर टाकले, ही माझी चूक होती. कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व.’ पंचशीलाबाईंनी फोन करून ‘असल्यास’ काढायला लावलं. कुसुमताईंनी ते काढलं आणि फोन पलंगावर भिरकावला. त्यावर ग्रुपात दोन दिवस कालवा झाला. काही बाप म्हणाले, काकूंनी बरोबरच केलं होतं, फोन आणखी कडक तपासा. काहींनी महिना संपताच मुली हलवल्या. दोन्हींचा राग कुसुमताईंनी घरात काढला.

धम्मप्रिया नांदेडला मावशीकडे गेली, तिथल्या क्लासला बसली. सरांना हे महादेवप्पांकडून कळलं, तेही त्यांनी उपकार केल्यासारखं सांगितलं.

पुढच्या महिन्यात पंचशीलाबाईंनी सरांना नांदेडला बोलावून घेतलं. सरांनी राजीनामा लिहून नेला होता. बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला.

"घेते मी हा," त्या म्हणाल्या. "नको म्हणत नाही. तुम्ही थांबलात, ते योग्य होतं. घरी जीभ आवरलीत, ते तर फारच अवघड होतं, मला कळतं. पण सुरुवातीला खोटं बोललात. एकाने दुसरं पुसलं जात नाही. सावलीच्या मुलीला पुन्हा त्या जिन्यावर तुम्ही दिसलेले मला चालणार नाही."

"मला लाज वाटत होती, मॅडम," सर म्हणाले. "हॉस्टेलची."

पंचशीलाबाईंनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्या चिडलेल्या दिसल्या. "कशाची? बायको राबते याची? तिनेही चूक केली ती केली, पण ती निदान आपल्या नावाची पाटी लावून बसलीय."

सर खाली उतरत होते तर जिन्यात धम्मप्रिया. कसल्याशा सहीला आली होती. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. सर पुढे गेले, दोन पायऱ्या उतरले, तेव्हा ती मागून म्हणाली, "सर, तुमी खरंच न्हाई सांगितलं घरी?"

"नाही सांगितलं."

"मॅडम बी तसंच म्हणतेत. मला अजून बी खरं वाटत न्हाई."

"ठीक आहे," सर म्हणाले. तिने विश्वास ठेवावा असं त्यांनी काही केलेलं तिने पाहिलं नव्हतं. जे केलं होतं ते न बोलण्यातलं होतं, आणि न बोललेलं कुणाला दाखवायचं कसं?

केंद्रात नंतर दर्शनी भिंतीवर फलक लागला. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कुणाचा काय व्यवसाय, ते त्यावर लिहिलेलं. महादेवप्पांच्या जावयाचा केमिस्ट्रीचा क्लास होता, नांदेडला विचारलं तेव्हा जावई ‘घरात’ धरायचा नाही असं त्यांना वाटलं होतं. तेही लिहावं लागलं. तेव्हापासून रस्त्यात सर दिसले की महादेवप्पा पलीकडच्या बाजूने जायचे.

घरात कुसुमताई कामापुरतं बोलत. ‘दूध आणा’, ‘दार लावा.’ सर आता सकाळी भाजी मार्केटला जात, हॉस्टेलच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन गल्लीतून येत. कुणी विचारलं तर सांगत, हॉस्टेलची आहे. कुसुमताईंनी त्याबद्दल बरंवाईट काहीच म्हटलं नाही. एकदा भेंडी जून निघाली तेव्हा तेवढी परत पाठवली.

एकदा मात्र, मटार सोलता सोलता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंत तर मी तेव्हाच काढून टाकलं असतं."

"म्हणून तर सांगता येत नव्हतं," सर म्हणाले. "तू काढलं असतंस, आणि तिला वाटलं असतं मी बोललो. तिला तिकडे..."

"तिला काय वाटलं असतं ते कळतं तुम्हाला." कुसुमताईंनी सालपटांचा ढीग पुढे ढकलला. "पोलिसात मी एकटी बसले होते तेव्हा मला काय वाटत होतं, ते विचारलंत का कधी?"

सरांनी विचारलं नव्हतं. आता विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण कुसुमताई उठून गेल्या होत्या.

जूनमध्ये नवीन ॲडमिशन सुरू झाल्या. देगलूरकडचा एक व्यापारी मुलीला घेऊन आला. खोली बघितली, जेवण विचारलं, मग मुलीसमोरच म्हणाला, "फोनवर तुमचं लक्ष असतं ना? तसं ऐकलं म्हणून आलो. पासवर्ड घेऊन ठेवा हिचा."

सर घरच्या त्या पुढच्या खोलीतच कोपऱ्यात पिशवीतले बटाटे निवडत होते. त्यांचे हात थांबले.

"इथं फोन उघडत नाहीत," कुसुमताई म्हणाल्या. आवाजात गोडवा नावाला नव्हता. "पोरगी संध्याकाळी सातला आत नसली तर तुम्हाला फोन करीन. बाकी तिचं ती. तपासायचे असतील तर दुसरीकडे बघा, पुष्कळ आहेत."

व्यापाऱ्याने थोडा वेळ हुज्जत घातली, मग मुलीला उठवलं. मुलगी जाताना दारातून एकदा वळून बघून गेली.

"गेलं गिऱ्हाईक," कुसुमताई रिकामे पेले गोळा करत म्हणाल्या. "खूश झालात ना आता?"

"कुसुम, मी..."

"काही बोलू नका." त्यांनी पेले त्यांच्यापुढे आदळले. "हे आत नेऊन विसळा. आणि ते बटाटे लवकर आवरा, बाया यायची वेळ झाली."

सर पेले घेऊन आत गेले.